सत्काराचे फोटो उतरवले

माझा उजवा हात चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. त्यानंतर चार वर्षं मी राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवर पदराखाली मनगट लपवून बसून काढली, कारण एका हातानं सगळं करता येतं हे सांगायला कुणी आलंच नाही. त्या चार वर्षांचा राग मला अजून आहे.

आता केडगावात दोन खोल्यांत आमची नोंदणीकृत संस्था आहे. हात गेलेल्यांना आम्ही एका हातानं रोजची कामं शिकवतो. अशी माणसं मोबाईलवर शोधतात तेव्हा त्यांना आम्ही दिसावं, म्हणून धर्मादाय संस्थांना फुकट जाहिराती देणाऱ्या एका योजनेत मी अर्ज केला. सगळे कागद डाव्या हातानं चढवले. आठवड्यात नकार आला. कारण एका ओळीचं: तुमची संस्था नेमकं काय करते, ते वेबसाइटवरून कळत नाही.

मी चिडले. मग वेबसाइट उघडली. अध्यक्षांचा सत्कार. अध्यक्षांच्या हस्ते सत्कार. दीपप्रज्वलन. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. एवढ्या फोटोंत हात गेलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी, तीही कोपऱ्यात फुलांचं तबक सावरत उभी.

सगळे फोटो उतरवले. त्या जागी आमच्या बायका-माणसांचे व्हिडिओ टाकले: एका हातानं भाकरी थापणं, साडी नेसणं, शेळीची धार काढणं. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष दारात.

"ताई, माझं फोटो कुठं गेलं?"

"काढले, नाना."

"वीस वर्सं राबलोय म्या. लोकांना दिसाया नको?"

"ज्याचा हात काल गेलाय, त्याला तुमची शाल बघून काय करायचंय?"

"मग राजीनामा देतो मी!"

"द्या. लिहून द्या."

त्यांच्या सहीशिवाय संस्थेचा एक कागद हलत नाही. पण मी नजर खाली घातली नाही. ते तणतणत गेले. राजीनामा काही आला नाही, आणि मी माफी मागायला गेले नाही.

दुसरा अर्ज मंजूर झाला. जाहिरात मीच लिहिली: 'कुट्टीत हात गेला? एका हातानं कामं शिका.' 'लाचार', 'निराधार' असले शब्द सुचवणारेही भेटले. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग एक फोन आला. पाथर्डीकडची बाई, हात जाऊन दोन महिने झालेले. ती रडली नाही, नाव सांगितलं नाही, थेट विचारलं,

"ताई, येका हातानं पोरीची येणी घालता येती का? सासू म्हनती, केसच कापून टाका तिचं."

"एक केस कापायचा नाही," मी म्हणाले. "व्हिडिओ कॉल लाव, फोन भिंतीला टेकव आणि पोरीला पुढ्यात बसव."

आणि बसल्या जागी मी माझी वेणी सोडली.