रानातला मुक्काम

दुकानात ओल्या घोंगडीचा वास आला आणि निजामाच्या राज्यातलं बालाघाटाचं रान आठवलं. मेंढरं घेऊन आम्ही झऱ्याकाठी उतरलो होतो. बायकोचे दिवस भरत आले होते.

जंगलाचा शिपाई आला. "सरकारी रान हाय बे! उठ, न्हाईतर ते कोकरू दे."

मी चिडून घोंगडी देऊ केली. घासाघीस चालू असतानाच बायकोनं स्वतः दूध पाजून जगवलेलं ते कोकरू त्याच्या हातात दिलं.

मी खेकसलो, "जरा थांबली असतीस तर घोंगडीवर भागवलं असतं!"

"अवो, तेवढा येळ उभं राहवत न्हाई."

त्याच बाळंतपणात ती गेली. शिपायावरचा राग अजून निवला नाही. कोकरू तिनं दिलं, ते नुसती पाठ टेकायला मिळावी म्हणून.