मोहाच्या झाडाखालचा रशियन आवाज

आधीच सांगतो — झपाटणं, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव वाचतानाही मी हसायचो. पण आता ऐंशी ओलांडली… आणि एक वाक्य आहे, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

वडील दुर्गला रेल्वेत, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. मी दिल्लीला राहून रशियन भाषा, इतिहास आणि संस्कृती हे विषय घेऊन बी.ए. करत होतो. काका म्हणायचे, "काय शिकून राहिला बे हे? दुर्ग टेसनावर रशियन उतरून राहिले का?" आणि खरंच उतरायला लागले! रशियाच्या मदतीनं भिलाईच्या पोलाद कारखान्याचं काम सुरू झालं. डिग्री हातात पडताच मला दुभाष्याची नोकरी लागली, सेक्टर 2 मध्ये क्वार्टर मिळालं, सोबतीला आईला घेऊन आलो.

माझं काम आंद्रेई फ्योदोरोविच नावाच्या सर्व्हे इंजिनिअरबरोबर. चाळिशीचा, अबोल, सायबेरियाच्या जंगलातल्या खेड्यातला. तो रशियनमध्ये बोलायचा, मी मजुरांना हिंदीत, छत्तीसगढीत ओरडून सांगायचो. आठ महिन्यांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कान ऐकायचे आणि तोंड चालायचं… मधे डोकं लागायचंच नाही.

मार्च महिना, दुपारचे साडेबारा. कॅम्प-1 या कामगार वस्तीच्या पलीकडे माळावर मोजणी चालली होती. मोठ्या मोहाच्या विरळ सावलीत दहा-बाराजण बासी खायला बसले होते — म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात. सुखमती नावाच्या मजूर बाईनं फांदीला झोळी बांधून आपली तान्ही लेक निजवली होती. वारा अजिबात नव्हता. आंद्रेई दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगत होता, मी वहीत उतरवत होतो.

तेवढ्यात डाव्या कानाशी एक शब्द आला. रशियन. घोगरा, धाप लागलेला आवाज. दोनदा.

तो शब्द मला माहीत नव्हता! तरी माझं तोंड ओरडलं, "भागव! झाड के खाल्हे ले भागव!" — पळा, झाडाखालून पळा!

माणसं उठून पळाली. सुखमतीनं झोळीतून लेक ओढून घेतली आणि धावली. मागून कडकड आवाज झाला, आणि ते एवढं मोठं झाड बुंध्यातून मोडून आडवं झालं. आतून वाळवीनं पोखरलं होतं. झोळी फांद्यांखाली गेली. लेक आईच्या कडेवर रडत होती.

आंद्रेई माझ्याजवळ आला. "तुला कसं कळलं?"

"तुम्हीच तर म्हणालात…" मी तो शब्द उच्चारला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो आकड्यांशिवाय काहीही बोलला नव्हता. म्हणाला, "हा आमच्या गावाचा शब्द आहे. झाड पडायला आलं की लाकूडतोडे ओरडतात. बाहेर कुणाला ठाऊक नाही." त्याचे वडील लाकूडतोडे. तो आठ वर्षांचा असताना हिवाळ्यात जंगलात गेले, ते परतलेच नाहीत. काही सापडलंही नाही. "पुन्हा तोंडातून काढू नकोस," म्हणाला. म्हणून तो शब्द मी इथंही लिहीत नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. रशियन लोक हाक मारताना वडिलांचं नाव जोडतात — कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. फ्योदोरोविच म्हणजे फ्योदोरचा मुलगा. आठ महिने मी त्या हरवलेल्या माणसाचं नाव दिवसातून पन्नासदा घेत होतो…

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू कावून भेवून राहिला? लेकरू वाचलं ना त्याच्यानं! मंग तो वाईट कसा असन?"

पुढे आंद्रेई रोज दुपारी मला त्या खोडापाशी नेऊ लागला. "उभा राहा. ऐक." टोपी काढून उन्हात स्वतः उभा राहायचा. घरून आलेली बायको-लेकीची पत्रं फोडायचा नाही. मे महिन्यात मुदत संपत होती, तर म्हणाला, "मी वाढवून मागणार आहे. वडील पुन्हा बोलतील." गाल बसले होते त्याचे. मला त्याची भीती वाटायला लागली.

आणि एका दुपारी मला ऐकू आलं.

आधी खोकला. मग तोच आवाज, सावकाश, साध्या रशियनमध्ये. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल असं.

"हा… आमचाच ना?"

आंद्रेई माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघत त्यानं विचारलं, "काही?"

सांगितलं असतं तर हा माणूस त्या खोडापासून कधीच हलला नसता.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

त्यानं टोपी घातली. "माझ्याशी ते कधी फार बोललेच नाहीत," म्हणाला आणि जीपकडे चालू लागला. मुदत संपल्यावर तो गेला. हिवाळ्यात त्याचं पत्र आलं — "पोहोचलो. लेक आता माझ्या खांद्याला लागते, एवढी वाढली आहे."

नंतर कितीतरी शब्दकोश धुंडाळले, दिल्लीच्या प्राध्यापकांना पत्रं लिहिली. तो शब्द कुणालाच माहीत नव्हता. छत्तीसगडच्या उन्हात तो आवाज कुठून आला, आणि माझ्याच कानात का… मला आजही सांगता येत नाही.

दुभाष्यानं ऐकलेलं गिळायचं नसतं. मी एकदाच गिळलं. आंद्रेईला कळवलं नाही, त्याचं एवढं वाटत नाही. पण ज्या बापानं विचारलं, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. "हो, तुमचाच." रशियनमध्ये दोन शब्द लागले असते.