एकेकाला आत घ्या

वाघमारे बाईंच्या टेबलापुढे नवऱ्यानं बायकोचं नाव सांगितलं, की बाई हातातलं पेन खाली ठेवत. "तिला तोंड हाय ना? मग तीच सांगंल." ती बोलेपर्यंत मागची रांग खुशाल खोळंबे. बाई मूळच्या उमरीच्या. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा दुष्काळाचं काम करणाऱ्या एका संस्थेत हेडक्लार्क होऊन आल्या. आवाज खणखणीत, आणि भीती म्हणाल तर कुणाच्या बापाची नाही.

त्यांची माझी गाठ मुलाखतीत पडली. टँकरची नोंद ठेवायला दोन माणसं हवी होती. आमची विहीर आटलेली. ही नोकरी हुकली तर लेकीला आईकडे ठेवून आम्ही नवराबायको ऊसतोडीला जाणार, हे ठरलेलंच होतं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी आम्हा पाचजणांना गोल बसवलं. आमच्याच भागातल्या तीन गावांची नावं घेऊन म्हणाले, "टँकर एकच आहे. आधी कुठं पाठवाल? आपसात चर्चा करा." मी तोंड उघडणार, तोच सहावा उमेदवार धापा टाकत आत आला. माझे चुलत थोरले दीर! पदर आपोआप डोक्यावर गेला. थोरल्या दिरापुढे बोलायची आमच्यात रीतच नव्हती.

"आमची सून हाय," दीर कौतुकानं म्हणाले. "तिचं बी मीच सांगतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. साहेब म्हणाले, "संधी सगळ्यांना सारखीच आहे."

"कशाची सारखी? सासरच्या माणसापुढं ही मेली तरी बोलणार न्हाई. तुम्ही अक्कल बघून राहिले का आवाज? गरजेल तो पडेल काय! एकेकाला आत घ्या."

"वेळ जाईल, बाई."

"जाऊ द्या. पाणी तरी जाग्यावर जाईल."

एकटी आत गेले आणि सुटलेच! कुठला हातपंप चालू, कुठं गाडीबैलानं पाणी आणता येतं, कुठं बाळंतिणी किती, सगळं सांगून टाकलं. नोकरी लागली. दिरांनाही लागली, तेही हुशारच होते. आज मी स्वतः मुलाखती घेते, आणि कुणी उमेदवारांना घोळक्यानं बसवू म्हटलं की भांडते.

त्या दिवशी मी बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी दंड धरून उभं केलं. "वेगळी खोली आजच्यापुरती होती. उद्यापासून टेबल एकच हाय. तवा काय करशील?"

काय करणार? आठवडाभर दिरांना चिठ्ठ्या लिहीत राहिले. मग एका सकाळी त्यांनी कोरड्या पडलेल्या गावाचा टँकर ओळखीच्या सरपंचाच्या गावाकडे वळवला. मी चिठ्ठी लिहायला घेतली आणि फाडली.

"भाऊजी, हा टँकर तिकडं जाणार न्हाई. ज्या गावाचा हाय, त्याच गावाला जाईल."

मी आशेनं बाईंकडे पाहिलं, दिरांनीही पाहिलं. बाई फायलीतून मान वर काढायला तयार नाहीत. शेवटी दीरच उठले, ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाले, "सूनबाई सांगतेत तिकडं घे."