अंबाबाईंच्या गळ्यातली चैत्रा

अंबाबाई बोलतात कशा, ते आधी ऐका. वाक्याच्या सुरुवातीला 'अय्यो', शेवटी कानडी 'अल्वा', म्हणजे 'हो ना', आणि मधे जेवढं मराठी मावेल तेवढं. "अय्यो, ह्या फॉलनं रंगच धरला नाही गं, अजून एक उकळी पाहिजे, अल्वा?" आवाज जाडा, खाली बसलेला, जन्मभर रंगाची वाफ गिळलेला. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं मॅचिंगचं दुकान आहे. साडी आणा, तिच्या रंगाचा फॉल घेऊन जा. सासरचे सगळे पूर्वी रंगारी. आता दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक भट्टी उरली आहे आणि दोन पातेली. अंबाबाईंची नखं सोमवारी जांभळी असतात, मंगळवारी पोपटी.

शेजारच्या खोल्यांत मी राहते, माझ्या भुजंगमामाजवळ. आमची न्हाणी आणि त्यांची शेड यांच्यात एकच भिंत.

दोन वर्षांपूर्वी अंबाबाईंची मुलगी चैत्रा बेंगळुरात डेंग्यूनं गेली. चार दिवसांत. सगळं तिथंच उरकलं. तेराव्याला आम्ही जेवून आलो. तिचा नवरा रघु वर्षाच्या आत हुबळीला दुसरं लग्न करून मोकळा झाला, पण त्याआधीच त्यांची पाच वर्षांची मुलगी स्पंदना कपड्यांच्या एका पिशवीसकट अंबाबाईंच्या दारात उतरली होती. आई गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आई कुठं आहे?" तिनं विचारलं.

"दुबईला गेली कामाला," अंबाबाई म्हणाल्या. "फोन करेल की."

बोलून बसल्या. मग फोन करणं आलं.

त्या फोनचा मला पत्ता लागला तो एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता. मी न्हाणीत होते, तोंडाला साबण, आणि भिंतीपलीकडून चैत्रा बोलली.

चैत्राचा आवाज मला पाठ होता. बारीक, घाईचा, शब्दाचं शेपूट गिळणारा. माणसांचे आवाज काढायची मला खोड आहे, म्हणून कान लबाडी करत नाही. तीच होती. मी साबण डोळ्यांत जाऊ दिला आणि भिंतीतल्या फटीला डोळा लावला.

दोन पातेल्यांच्या मधे अंबाबाई उकिडव्या बसल्या होत्या. कानाला चैत्राचा जुना फोन, त्यात चैत्राचंच सिम. डोळे मिटलेले, हनुवटी वर ओढलेली, जीभ टाळ्याला. आवाज काढायला आधी असंच सगळं जुळवून घ्यावं लागतं. वा, अंबाबाई! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढच्या खोलीत स्पंदनाच्या हातातल्या अज्जीच्या फोनवर चैत्राचा फोटो उजळला असणार. तिचं बोलणं पत्र्यातून स्पष्ट येत होतं.

"आई, अज्जी वाईट आहे. मला घेऊन जा ना."

"असं म्हणू नये पुट्टी," अंबाबाई चैत्राच्या आवाजात म्हणाल्या. "अज्जी चांगली आहे."

"नाही. तू चांगली आहेस. अज्जीच्या हाताला वास येतो."

फोन बंद झाला. अंबाबाईंनी स्वतःचे हात नाकाशी धरले, पदरानं तोंड पुसलं, खोकल्या आणि जाड्या आवाजात ओरडल्या, "अय्यो, दूध पिलीस की सुम्मने, उगीच बसलीस?"

दीड वर्ष दर गुरुवारी हे असं चाललं. मी कुणाला सांगितलं नाही.

मग या पावसाळ्यात दुकानात एक बाई फॉल घ्यायला आली. अंबाबाई कात्री चालवता चालवता म्हणाल्या, "पन्नास द्या ताई, सुट्टे नसले तर राहू दे, उद्या."

चैत्राच्या आवाजात.

बाई पैसे देऊन गेली, तिला काय कळणार. पण मी समोर उभी होते. हनुवटी खाली होती. जीभ टाळ्याला नव्हती. अंबाबाई काही काढत नव्हत्या. ते आपलं आपण येत होतं.

"अंबाबाई, आता कोण बोललं?"

"मी. कोण बोलणार?" हे जाडं आलं. मग माझं तोंड बघून त्या स्टुलावर बसल्या. "कधीपासून, पोरी? स्पंदनासमोर आलं का?"

"माहीत नाही."

त्यांनी कात्री मांडीवर ठेवली. "चैत्राचं पान मांडलं नाही मी. नवरा जिता असताना गेली, अल्वा? पितृपक्षात नवमीला सवाष्ण जेवू घालायची, साडी द्यायची. दोन नवम्या गेल्या. पोरीनं विचारलं असतं कुणाचं पान, तर काय सांगणार? दुबईवाल्याला पान मांडतात का?" गळ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "उपाशी आहे ती. म्हणून इथं येऊन बसली."

मला हसू यायला हवं होतं. मी दुकानातून लवकर घरी गेले.

दुसऱ्यांची पोरं वाढवणारे लोक कुटुंब केंद्रात जमतात, शनिवारी सगळे, एरवी जमेल तसे. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या वर दोन खोल्या आहेत. एकीत मुलं ठोकळे खेळतात, दुसरीत मोठी माणसं चहा पितात, फॉर्म भरतात, आणि कधी कधी कुणी भिंतीला टेकून दोन तास नुसतं झोपून घेतं. माझे आईबाबा अपघातात गेल्यापासून मामा तिथं जातो. "एक पोरगी, शंभर फॉर्म, नोडी, बघा!" हे त्याचं नेहमीचं भाषण. पालकत्वाच्या कागदासाठी त्यानंच अंबाबाईंना तिथं ओढून नेलं होतं.

तिथल्या समुपदेशक विभावरीताई पुण्याच्या, राहायला गोकुलम भागात. त्यांचं प्रत्येक वाक्य इस्त्री करून येतं. "अंबाबाई, आपण असं करूया, हं? येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी कोर्टाकडून एक बाई तुमच्या घरी येतील. त्या स्पंदनाशी एकटीशी बोलतील. आई कुठे आहे, तुला कुणाकडे राहायचंय, एवढंच विचारतील."

"आणि ती दुबई म्हणाली तर?"

"तर कागद अडेल. अडला की वडलांना बोलावतील. रघु हो म्हणाले, तर मुलगी हुबळीला."

अंबाबाईंची नखं त्या दिवशी निळी होती. ती त्यांनी मुठीत घेतली.

"तिला खरं सांगावं लागेल," विभावरीताई म्हणाल्या. "एकटीनं नका सांगू. इथे सांगा, आम्ही शेजारी बसतो. आधी आमच्यासमोर एकदा बोलून बघता का? फक्त एक वाक्य. माझी मुलगी वारली."

अंबाबाईंनी तोंड उघडलं.

"अम्मा, सांगू नको."

बारीक, घाईचं, शेपूट गिळलेलं. मामाचं बिस्किट चहात पडलं. पलीकडच्या खोलीत ठोकळ्यांचा आवाज थांबला.

दारात स्पंदना आली. तिनं आधी सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं. फोन कुणाच्याच हातात नव्हता. मग ती सरळ अज्जीच्या पुढ्यात गेली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई आत आहे?"

तिनं हात अंबाबाईंच्या गळ्यावर ठेवला. विभावरीताई 'आपण असं करूया' म्हणाल्या नाहीत. खुर्ची सोडून खाली फरशीवर, अंबाबाईंच्या पायाशी बसल्या. अंबाबाईंनी दोनदा आवंढा गिळला. त्या लहानशा हाताखाली गळा वर गेला, खाली आला. मी ऐकत होते, आता कोण येतंय.

"आई वारली, पुट्टी." जाडं. "दोन वर्षं झाली. फोनवर मी होते."

"सगळ्या गुरुवारी?"

"सगळ्या."

"मी तुला वाईट म्हटलं, ते?"

"मीच ऐकलं."

स्पंदनानं हात काढून घेतला.

आठवडाभर ती अज्जीशी बोलली नाही. शाळेतून ती रोज थेट केंद्रात जायची, विभावरीताईंजवळ बसून चित्रं काढायची, एकाही चित्रात माणूस नाही. अंबाबाई पलीकडच्या खोलीत. तिथं बाकीच्यांनी एकेक करून आपापल्या थापा काढल्या. कुणी नातवाला 'बाबा मिलिटरीत' सांगितलेलं, कुणी 'आई आस्पत्रीत, औषध घेतेय'. मामानं मान खाली घातली. "मी हिला सांगितलेलं, आईबाबा तिरुपतीला गेलेत."

"तीन वर्षं मी लाडूची वाट बघितली," मी म्हटलं. अंबाबाई हसल्या, आणि हसणं अर्ध्यात तोंडावर हात दाबून थांबवलं. कुणाचं हसू बाहेर येईल याची त्यांना भीती वाटत होती.

गुरुवारी पाच वाजता स्पंदना घरी, पुढच्या खोलीत फोन पुढ्यात ठेवून बसली. तो वाजला नाही. शेडमध्ये अंबाबाई भट्टीसमोर दोन्ही हातांनी गळा धरून उभ्या होत्या. पाच वाजून वीस मिनिटांनी दोघी आपापल्या जागेवरून उठल्या.

पितृपक्षातली नवमी रविवारी आली. दसऱ्याच्या दिव्यांच्या माळा रस्त्यावर चढत होत्या. अंबाबाईंनी विभावरीताईंना फोन केला. सवाष्ण म्हणून जेवायला याल का?

"हे आमच्या नियमात बसत नाही, अंबाबाई." मग जरा वेळानं, "किती वाजता येऊ?"

केळीचं पान मांडलं. वडे, खीर, भात. पानाशी साडी, अंबाबाईंनी स्वतः रंगवलेली. विभावरीताई पाटावर बसल्या, हळदकुंकू लावून घेतलं. त्या दिवशी सवाष्ण जेवते ती गेलेलीच्या नावानं, तिच्या जागी. स्पंदनाला हे अंबाबाईंनी सकाळीच सांगितलं होतं. ती उंबऱ्यावर बसून, चौकटीला पाठ टेकून बघत होती. मग आठ दिवसांत पहिल्यांदा ती आपणहून उठली आणि पानासमोर येऊन बसली.

"आई," ती विभावरीताईंना म्हणाली, "मला न्यायला येणार?"

विभावरीताईंचा खिरीचा हात वर तसाच राहिला. अशा वेळचं वाक्य त्यांच्या शिक्षणात नसावं. त्यांनी अंबाबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. अंबाबाईंची हनुवटी वर सरकत होती, कुणी दोऱ्यानं ओढावी तशी. ओठ विलग झाले. एकच शब्द त्या आवाजात आला असता, तर पोरगी त्याच्या मागोमाग गेली असती, दुबईला, हुबळीला, कुठंही.

अंबाबाईंनी हनुवटी हातानं धरून खाली आणली.

"नाही येणार," त्या आपल्या जाड्या आवाजात म्हणाल्या. "ती जेवायला आली आहे फक्त. जेवून जाईल. मी आहे इथं. तू राहशील?"

विभावरीताईंनी खीर खाल्ली, वडा खाल्ला, पान स्वच्छ केलं. "तृप्त झाले," त्या म्हणाल्या, आणि साडी घेतली. नंतर अंबाबाईंनी बाकीची पानं वाढली. स्पंदना कुठं बसावं ते ठरवत उभी राहिली. मग अज्जीच्या शेजारी बसली, मधे एक पाट सोडून.

सोमवारी कोर्टाच्या बाई आल्या. अंबाबाईंना त्यांनी दुकानात थांबवलं आणि स्पंदनाला घेऊन मागे शेडमध्ये बसल्या. मी न्हाणीच्या फटीशी होते. खोटं का बोलू?

"तुझी आई कुठं आहे?" बाईंनी कन्नडमध्ये विचारलं.

"काल जेवून गेली," स्पंदना म्हणाली.

पेन थांबलं.

"वारली आहे ती," स्पंदनानं समजावून सांगितलं. "दोन वर्षं झाली. अज्जीनं पान मांडलं होतं. आता फोन नाही येणार."

"आणि तुला कुणाजवळ राहायचंय?"

"अज्जीजवळ."

बाईंनी 'जेवून गेली' सोडून बाकीचं लिहिलं, आणि अंबाबाईंना सहीला आत बोलावलं.