गॅलरीतला माणूस

मुन्जिर पिंजारी मूळचा होम्स शहराचा. होम्सच्या माणसांवर सगळा मुलूख विनोद करतो, बुधवार हा त्यांच्या खुळेपणाचा वार म्हणतो. मुन्जिर ते सगळे विनोद हौसेनं अंगावर घ्यायचा. लढाईत घर सुटलं आणि तो बायको विदाद आणि मुलगी लुबाना यांना घेऊन सीमेपलीकडच्या इरबिद शहरात आला. तिथल्या एका बोळात त्यानं दुकान थाटलं. जुन्या गादीतली लोकर उपसायची, काठीनं झोडपून मोकळी करायची, पुन्हा भरून टाके घालायचे.

"गादी बुधवारी नाही ना शिवलीस, होम्सवाल्या?" गिऱ्हाईक डिवचायचं.

"बुधवारीच शिवली. पडल्या पडल्या अक्कल झोपली नाही, तर परत आण."

विदाद ते ऐकून गालात हसायची. घरदार गेलं, पण नवऱ्याची जीभ शाबूत आली, याचं तिला समाधान होतं.

बातम्या तोही बघायचा, सगळेच निर्वासित बघायचे. सकाळी मतेच्या कडू काढ्याचा पेला हातात आणि समोर टीव्ही. विदादला ते खपत नसे.

"जिथून पळून आलो, तिथला धूर घरात कशाला आणायचा?"

"धूर दिसतोय, तोवर गाव आहे म्हणायचं," तो म्हणायचा आणि पेला संपला की उठून दुकानात जायचा.

एका दुपारी विदाद दुधी पोखरत बसली होती, भात भरायला. एवढ्यात जेवायला आलेला मुन्जिर टीव्हीसमोरून ओरडला, "विदाद! अगं, इकडे ये!" एरवी तो तिला 'लुबानाची आई' म्हणायचा. ती सुरी तशीच हातात घेऊन धावली.

पडद्यावर त्यांचीच गल्ली होती. काळ्या दगडाचं त्यांचंच घर. वरच्या गॅलरीत बनियन घातलेला एक माणूस कठड्याला रेलून उभा होता. आतून कुणी हाक मारल्यासारखी त्यानं मान वळवली आणि दाराचा पडदा सारून तो आत गेला. पडदा पुन्हा सरळ झाला. मग निवेदिका दिसली, भाकरीच्या टंचाईबद्दल बोलत.

"अहो, आपल्या घरात कोण शिरलंय?"

"मीच आहे तो," मुन्जिर म्हणाला. "शेजारची इमारत उभी दिसली ना? ती पडायच्या आधीचं जुनं चित्र आहे. नवीन काही मिळालं नाही की हेच लावतात."

विदादचा जीव भांड्यात पडला. पण मुन्जिर पडद्याकडेच बघत होता.

"मला हाक कुणी मारली गं?"

"मीच मारली असेन. जेवायला."

"तू लुबानाला घेऊन माहेरी होतीस तेव्हा. घरात मी आणि नजीहाच होतो."

नजीहा त्याची थोरली बहीण. आईमागे गाद्या शिवून तिनंच त्याला वाढवलं, लग्न केलं नाही. निघायच्या दिवशी ती म्हणाली होती, "तुम्ही पुढे व्हा, मी दार लावून येते." ती आलीच नाही. जिवंत असल्याचा निरोप नाही, मेल्याची खूण नाही.

त्या दिवसापासून मुन्जिर टीव्हीसमोरून हलेना. ते चित्र कधी लागेल, याचा नेम नव्हता. बोलणी फिसकटली, गोळा पडला, भाकरी महागली, कशालाही वाहिनीवाले ते जोडून द्यायचे. मग सगळंच बघावं लागे, परक्या मुलखातले पूर आणि भूकंपसुद्धा. दुकानाला कुलूप लागलं. घास घशाखाली उतरेना. उम् सुफ्यान, खालची घरमालकीण, जिन्यात विदादला म्हणाली, "भुतासारखा दिसायला लागलाय गं तो. काढून टाक ते खोकं." दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं, "औषध नको. बातम्या बंद करा."

"बंद कसं करू?" घरी आल्यावर तो विदादला हळूच म्हणाला. "पडदा सरकतोय. आधी मी आत गेल्यावर सरळ व्हायचा. आता थोडी फट राहते. दर वेळी जास्त."

"टिपून ठेवलेलं चित्र आहे ते! त्यात कसला पडदा सरकतोय?"

"तू बघ ना एकदा."

ती बघायची नाही. तो बघायला लागला की ती पाठ फिरवून भांडी घासायची.

मग एकदा तो न्हाणीत असताना ते चित्र लागलं. त्याला हाक मारायला ती उठली आणि तशीच उभी राहिली. गॅलरीतला माणूस आत गेला होता. पडदा मात्र एका बाजूला धरलेला होता. मनगटापर्यंत हात दिसत होता, बाईचा. बोटात गादी शिवायचं अंगुस्तान होतं.

मुन्जिर डोकं पुसत बाहेर आला. "लागलं का काही?"

"नाही. गव्हाचं काहीतरी सांगत होते," विदाद म्हणाली.

शेवटी लुबानानं मार्ग काढला. तेच चित्र शोधून तिनं बापासमोर फोन धरला. "बाबा, हे घ्या. पाहिजे तेवढं बघा."

त्यानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. माणूस वळला, आत गेला, पडदा सरळ झाला. फट नाही, काही नाही. फोन हातात धरूनच तो लहान मुलासारखा रडला. "माझंच डोकं फिरलं होतं गं पोरी. गेली ती. गेलीच."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. हळूहळू अन्न गोड लागायला लागलं, अंगावर मांस चढलं. बुधवारचे विनोद परत सुरू झाले. उम् सुफ्यान गल्लीभर सांगत सुटली, "बातम्या सोडल्या आणि माणूस वाचला!"

फोनवरचं ते चित्र विदादनंही पाहिलं होतं. त्यात हात नव्हता.

मुन्जिर दुकानात गेला, लुबाना कामाला गेली, की विदाद आवाज बंद करून टीव्ही लावायची. सुरुवातीला फक्त खात्री करायला म्हणून. पुढच्या वेळी कोपर दिसलं. मग खांदा. मग एका सकाळी गॅलरीत तो बनियनवाला माणूस नव्हताच. कठड्याशी नजीहा उभी होती, काळ्या ओढणीत, आणि सरळ समोर बघत होती, दारात आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

विदादनं हे कुणाला सांगितलं नाही. नवरा आत्ताकुठे माणसांत आला होता.

हिवाळ्यात होम्सच्या बातम्या कमी झाल्या. दुसरीकडे कुठेतरी लढाई पेटली, वाहिनी तिकडे वळली. विदाद तीही बघत राहिली, परकी घरं, परक्या गॅलऱ्या. मसूर तळाशी लागायचे, चहा उतू जायचा.

एके दिवशी लुबाना अवेळी घरी आली. आई शेगडीजवळ मुक्या टीव्हीसमोर बसलेली. लुबानानं तिचं मनगट हातात घेतलं, तर बांगडी कोपरापर्यंत सरकली.

"आई, काय बघतेस एवढं?"

"काही नाही गं, बातम्या," विदाद म्हणाली. "बस ना जरा. बघ, तुलाही दिसतं का."