ऑइल काळं नव्हतं

नोकरी मी मुदतीआधीच सोडली, त्याला आता तीन वर्षं झाली. तीस वर्षं कचेरीत फायली पुढं सरकवण्यात गेली आणि घरी बसल्यावर हातांना काय काम द्यावं ते कळेना. आधी मिक्सर उघडला, मग छताचा पंखा, मग गाडी. गाडीचं सोपं वाटायचं. मोबाईलवर एक माणूस सगळं शांतपणे करून दाखवायचा आणि त्याच्या हातून कधीच काही सांडायचं नाही.

माझ्या हातून सांडायचं. समोरची काच धुवायच्या पाण्यात मी भांड्यांचा साबण घातला होता. दसरा चौकात सिग्नलला काचेवर पाणी मारलं तर असा फेस आला की पुढचं काही दिसेना. वायपर फिरेल तसा तो वाढतच गेला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा बायकोनं खाली उतरून ओढणीनं काच पुसली. ती हसली, मीही हसलो. पण मनातून मला एखादं मोठं काम करून दाखवायचं होतं, असं की पुन्हा कुणी फेसाचं नाव काढणार नाही.

म्हणून इंजिनचं ऑइल बदलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बायको माझ्या आईला घेऊन गडहिंग्लजला जाणार होती. मावशीच्या नातवाच्या पोरीचं बारसं होतं. बारशाला पुरुषांचं काय काम, म्हणून मी घरीच राहणार होतो. निदान गाडी तरी ताज्या ऑइलवर जाऊ दे, असं मला वाटलं.

कळंब्याला आमच्या घरापुढं थोडी मोकळी जागा आहे. तिथं पुढची चाकं सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवून मी पाठीवर सरपटत गाडीखाली गेलो. खाली एक मोठा नट दिसला. तो सोडला, खाली घमेलं धरलं, जुनं ऑइल निथळू दिलं आणि नट परत आवळला. ऑइलचा फिल्टर काही केल्या फिरेना, तो पुढच्या खेपेला म्हणून सोडून दिला. मग वरून नवीन डबा पुरा ओतला. डबा मापाचाच होता, त्यामुळं आतली पट्टी काढून पातळी बघायचं मनातही आलं नाही. जेवताना मी दोनदा सांगितलं, उद्या गाडी कशी पळते बघ.

सकाळी नऊला दोघी निघाल्या. सव्वानऊच्या सुमारास मी घमेल्यातलं जुनं ऑइल कॅनमध्ये ओतायला घेतलं. ऊन त्याच्यावर पडलं होतं. ते मधासारखं पिवळं होतं. दाट होतं आणि त्याला उग्र वास येत होता. एवढे महिने इंजिनात फिरलेलं ऑइल काळंकुट्ट व्हायला हवं होतं.

पुढं मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. फोन हातातच होता. पण बायकोला लावायच्या ऐवजी मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग दुसरा बघितला. बोटांवर ऑइल चोळलं, हुंगलं, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. चहा ठेवला आणि गॅस बंद करून तसाच सोडला. नवीन गाड्यांचं ऑइल काळं होतच नसेल, अशी स्वतःची समजूत घालून बघितली. फोन केला तर तिला सांगावं लागणार होतं की मी भलताच नट सोडलाय. तिच्याशेजारी आई बसलेली असणार. नुसत्या त्या विचारानं कान तापत होते. अर्धा तास मी घरात असा येरझाऱ्या घालत होतो, आणि त्या अर्ध्या तासात गाडी पुढं पुढं जात होती.

शेवटी फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन पर्समध्ये टाकते, हे मला माहीत होतं. तरी सात वेळा लावला. मग आईला लावला, तर रिंग आतल्या खोलीत वाजायला लागली. आईचा फोन चार्जिंगलाच राहिला होता.

मी स्कूटर काढली. हायवेला लागल्यावर कडेला उभी असलेली प्रत्येक पांढरी गाडी मला आमचीच वाटायची. जवळ जाऊन नंबर बघायचो आणि तो दुसरा निघाला की बरं वाटायच्या ऐवजी आणखीच भीती वाटायची. वाटेत फोन वाजला. स्कूटर कडेला घेऊन हेल्मेट काढलं आणि फोन कानाला लावला.

"कागलच्या पुढं थांबलोय," बायको म्हणाली. "मागनं धूर येतोय. गिअर पडत नाही."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बऱ्या आहोत. या तुम्ही."

पोचलो तेव्हा आई उसाच्या रसाच्या गाड्यापाशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर बाळाच्या कपड्यांची पिशवी. जवळच एक गॅरेज होतं, तिथला मिस्त्री आमच्या गाडीखाली गेला होता. धूर बघून मागच्या ट्रकवाल्यानं दिवे मारले, म्हणून बायकोनं वेळेवर गाडी कडेला घेतली होती. मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि ऑइल कुणी बदललं ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी बायको म्हणाली, घरीच बदललं. कुणी ते तिनं सांगितलं नाही. मिस्त्रीनं माझ्या नखांकडं बघितलं.

"पावणं," तो म्हणाला, "तुम्ही सोडला त्यो नट गिअरबॉक्सचा. इंजिनचा पलीकडं हाय. आता इंजिनात दुप्पट ऑइल झालंय आणि गिअरबॉक्स कोरडा पडलाय."

तो हसला असता तर बरं झालं असतं. आईनं सगळं ऐकलं होतं.

"बाईमाणसाच्या हातात गाडी देताना तरी नीट बघायचं हुतंस की," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसली.

बायकोनं मला बाजूला घेतलं आणि हे तुम्हाला कधी कळलं, असं विचारलं. आत्ताच, कळल्या कळल्या फोन केला, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. थोड्या वेळानं दोघी एसटीनं पुढं गेल्या. बारसं उरकलं असणार, पण जेवण तरी मिळेल, असं आई म्हणाली.

मी गॅरेजवर थांबलो. मिस्त्रीनं तीनदा बसायला सांगितलं, पण बसवेना. दुपारी त्यानं गिअरबॉक्स खाली उतरवून उघडला. आतल्या चाकांचे दात जळून निळे पडले होते. आठ दिवस लागतील म्हणाला.

दोघी दुसऱ्या दिवशी परतल्या. दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा राहून सांगून टाकलं, की मला अर्धा तास आधीच कळलं होतं.

तिचे हात थांबले. "त्या अर्ध्या तासात मी हायवेला होते," ती म्हणाली. "शेजारी आईंना डोळा लागला होता."

तिनं हातातला टॉवेल पलंगावर ठेवला.

"मी ओरडले असते. एवढंच झालं असतं ना?"

मी मान हलवली. तिनं माझा शर्ट उचलला आणि घडी घालायला घेतली. त्यानंतर तो विषय तिनं आईपुढं काढला नाही, माझ्यापुढंही नाही. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

आठ दिवसांनी आम्ही स्कूटरवर गाडी आणायला गेलो. बायकोनं मिस्त्रीला ते दोन्ही नट दाखवायला लावले. स्वतः खाली वाकून, हात लावून बघितले आणि कुठला कशाचा ते त्याच्यापुढं म्हणून दाखवलं. मी स्कूटरची किल्ली बोटात फिरवत बाजूला उभा होतो.

परत येताना गाडी तिनं चालवली. मी मागं स्कूटरवर. कळंबा येईपर्यंत माझी नजर सायलेन्सरवर होती. धूर नव्हता, एकदाही दिसला नाही. तरी ती वळणावर ब्रेक मारायची तेव्हा मी स्कूटर पुढं दामटून, मान वाकडी करून पुन्हा बघत होतो.