तोंडात पाखरू असताना

अब्बासभाई हात धुवायला बसले की आम्ही पाण्याच्या टाकीकडे काळजीने बघायचो. पाणी टँकरने यायचं. अब्बासभाई प्रत्येक हात सात वेळा धुवायचे, त्यातल्या एका वेळी वाळूने चोळून. कुत्र्याची लाळ लागली की त्यांच्या पंथात असंच धुवावं लागतं. आणि अब्बासभाईंची नोकरीच कुत्र्यांची असल्यामुळे लाळ दिवसभर लागायची.

"एवढं सोवळं पाळायचं तर दुसरं काम का नाही बघितलंत?" मी एकदा विचारलं.

"सावंत, नोकरी कुत्र्यांची, नमाज माझा. दोघांची भांडणं लावू नको. पाणी ओत."

दाभोळच्या खाडीकाठचा हा माणूस उंच, काळा आणि बोलण्यात तिखट. दाढी बेताची, मिशी मात्र झुबकेदार. मिशी कातरा म्हणून कॅम्पातले मौलवी सांगून थकले होते. गावाकडे अब्बासभाई रानडुकराच्या हाक्याला कुत्री सोडायचे. त्या जोरावर आपल्याएवढी कुत्री कुणालाच कळत नाहीत, असं ते उघड म्हणायचे.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. सौदीतल्या कतीफ शहराबाहेर आमच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही तिथे राहत होतो त्या अबू फहदची, खजुरीची बाग होती आणि मी तिथले पंप आणि जनरेटर सांभाळायचो. तेलाचे भाव चढले आणि कालपर्यंत खजूर विकणारा अबू फहद रस्त्यांची कंत्राटं घेऊ लागला. पैशाबरोबर शिकारीचा शौक आला, आणि शौकाबरोबर विलायतेहून विमानाने एक कुत्रा. पॉइंटर जातीचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, नाव ड्यूक. त्याच्याबरोबर त्याच्या खापरपणज्यापर्यंतची वंशावळ चौकटीत बसवून आली होती. ड्यूकच्या खोलीला एसी होता. आमच्या खोलीचा एसी त्या उन्हाळ्यात बंद होता आणि तो दुरुस्त करायचं काम माझंच होतं, म्हणून बोलायची सोय नव्हती.

दुसरा कुत्रा भुऱ्या. त्याचा बाप कुणा परदेशी इंजिनिअरचा पॉइंटर, तो साहेबाबरोबर परत गेला. आई सलूगी, म्हणजे वाळवंटात फिरणाऱ्या बदू टोळ्यांची लांब पायांची शिकारी कुत्री, एका मेंढपाळाने अबू फहदला भेट दिलेली. सलूगी बदू विकत नाहीत, विकत घेतही नाहीत. ती द्यायची असते. इतर कुत्री विटाळाची, पण सलूगीला तंबूत जागा असते. भुऱ्या मात्र अर्धाच सलूगी, म्हणून त्याचा मुक्काम बागेतल्या तंबूच्या दोरीपाशी, अर्धा सावलीत आणि अर्धा उन्हात.

त्या हिवाळ्यात अबू फहदचे वाळवंटातले मामा पाहुणे येणार होते. म्हातारा जुन्या वळणाचा, शिकारीतला जाणता. अबू फहदने अब्बासभाईंना बोलावलं. दोन कुत्र्यांचा पसारा त्याला नको होता. पाहुण्यांसमोर दोन्ही पळवायचे. जो कामाचा ठरेल तो राहील.

"आणि दुसरा?" अब्बासभाईंनी विचारलं.

"खलास," अबू फहद म्हणाला, आणि बंदुकीच्या पट्ट्यावर हात ठेवला.

मग त्याने विचारलं, "तुझं मत काय?"

"भुऱ्या. आणि भुऱ्या हरला तर ही मिशी उतरवीन."

परत येताना मी म्हणालो, "अहो, त्या ड्यूकला किती मोजलेत त्याने! मालकाची खरेदी वाईट म्हणून सांगायची गरज होती?"

"वाईट कुठे म्हटलं? ड्यूक गुणी पोर आहे. पण सावंत, कुत्र्याचा बाप बघायचा नसतो, आणि कागद तर त्याहून नाही. तोंडात पाखरू असताना तो कुणाकडे बघतो ते बघायचं."

त्यामागे एक मोठी गोष्ट होती, ती त्यांनी मला समजावली. बिस्मिल्ला म्हणून सोडलेल्या शिकवलेल्या कुत्र्याने पाखरू धरलं, ते त्याच्या तोंडात मेलं, तरी मांस हलाल. पण त्यातला एक घास जरी त्याने खाल्ला तरी ते हराम, आणि तो कुत्राही शिकलेला नव्हे. कारण मग त्याने ते मालकासाठी धरलेलं नसतं. तेव्हा जेवायला बसणाऱ्या सगळ्यांचा भरवसा कुत्रा सोडणाऱ्याच्या शब्दावर.

शिकारीच्या दिवशी पिकअप बिघडली तर हाताशी असावा म्हणून मलाही नेलं. वाळूवर थंडी होती. मामा मागच्या सीटवर बसून दोन्ही कुत्र्यांकडे बघत होते. शिकार हुबाऱ्याची. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा लहान भाऊ. दबून बसला की वाळूचाच होतो.

आधी ड्यूक. तो वारा हुंगत गेला आणि एकाएकी थांबला. एक पाय उचललेला, शेपटी ताठ. इतकं देखणं काही मी त्या मुलखात पाहिलं नव्हतं. पाखरू उडालं, अबू फहदने ते पाडलं. पण खडे बोचून ड्यूकचे तळवे फाटले होते. पाखरापर्यंत गेला, हुंगलं आणि तिथेच बसून पंजा चाटू लागला. मामा हसले. अब्बासभाईंनी मिशीला पीळ दिला.

दुसरं पाखरू लांबून उठलं. छर्ऱ्याने पंख मोडला आणि ते टेकाडापलीकडे पडलं. "बिस्मिल्ला!" अब्बासभाईंनी दोरी सोडली आणि भुऱ्या तिरासारखा गेला. अब्बासभाई मागे धावले, त्यांच्यामागे पाण्याचा डबा घेऊन मी.

टेकाडापलीकडे भुऱ्या उभा होता. पाखरू मेलेलं, पुढच्या पंजांखाली. छाती फाडलेली. भुऱ्या चावत होता आणि अब्बासभाईंना बघून शेपटी हलवत होता.

"काय केलंस रे बाबा," अब्बासभाई हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "काल संध्याकाळपासून उपाशी ठेवला होता. जोरात पळावा म्हणून. माझीच ईर्षा नडली."

"अब्बासभाई, छाती छर्ऱ्याने फाटली म्हणा," मी म्हणालो. "कोण बघतंय इथे?"

इतक्यात टेकाडावर अबू फहद दिसला, त्याच्यामागे मामा. अबू फहदने वरूनच विचारलं, "अकल?" खाल्लं का?

"ला, ला!" मी ओरडलो. नाही, नाही.

मला भुऱ्या वाचवायचा होता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. थोडं खरंही आहे. पण मालकाला हवं ते उत्तर द्यायची जिभेला सवयही लागलेली होती. ते मांस माझ्या ताटात येणार नव्हतं. ज्यांच्या येणार होतं त्यांचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

अब्बासभाईंनी पाखरू उचललं. "खाल्लंय," ते अरबीत म्हणाले. "हे चालणार नाही."

अबू फहद खाली उतरला. "मग हा 'नाही' असं का म्हणाला?"

पाहुण्याला हराम खाऊ घालायला निघालेला नोकर कुणी ठेवत नाही. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्याच कपाटात होता.

"हा पंपवाला," अब्बासभाई म्हणाले. "माझ्या मागून आत्ता पोचला. पाखरू बघितलंच नाही त्याने. बघितलं असतं तरी काय कळणार होतं?"

मी भुऱ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. भुऱ्याच्या तोंडाला चिकटलेली पिसं मोजता आली असती.

अबू फहदने बंदूक उघडून काडतूस भरलं. अब्बासभाई त्याच्याकडे वळलेच नाहीत. ते म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. "मामा, याची आई सलूगी होती. सलूगीला मारतात की देतात?"

म्हाताऱ्याने भुऱ्याच्या पायांकडे बघितलं, मग पाखराकडे, मग बराच वेळ अब्बासभाईंकडे.

"देतात," तो म्हणाला. अबू फहदने बंदूक खाली केली.

आईला भेट देणाऱ्या त्याच मेंढपाळाचा तळ वाटेवर होता. अब्बासभाईंनी भुऱ्याला त्याच्या हवाली केलं. दोरी बांधताना भुऱ्या त्यांचे हात मनगटापर्यंत चाटत होता. मेंढपाळ म्हणाला, "हा मेंढरं राखील, पाखरं राहू देत."

कॅम्पवर आल्यावर मी टाकीपाशी तांब्या भरून उभा राहिलो. ते आले नाहीत. बाकड्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते. दुपारच्या नमाजाची बांग झाली तेव्हा कुठे उठले. सातही वेळा पाणी मी ओतलं. माफ करा म्हणायचं होतं, तर ते म्हणाले, "बारीक धार धर. टँकर उद्या आहे."

दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती. मौलवींना आनंद झाला. "तुमच्या सांगण्याने नाही, कुत्र्यापायी गेली," असं सांगून अब्बासभाईंनी त्यांचा तो आनंद घालवला. आणि ड्यूकला घेऊन बसले. त्याच्या तळव्यांना मेंदी लावली, जुन्या चपलेच्या कातड्याचे मोजे शिवले. पुढच्या हिवाळ्यात ड्यूक पाखरू आणून त्यांच्या हातात द्यायला लागला. "बघ, कागदवाल्यालाही कळतं," ते म्हणायचे. मिशी त्यांनी पुन्हा ठेवली नाही.

अब्बासभाई गावी वारले, ते मला फार उशिरा कळलं. हल्ली आमच्या सोसायटीत कुत्रा घेणारे मला विचारतात, जातिवंत घ्यावा की मिश्र? तुम्ही तिकडे होतात म्हणे शिकारी कुत्र्यांत. मी अब्बासभाईंचं ते वाक्य सांगतो. लोकांना ते आवडतं.

त्यापुढचं सांगत नाही. भुऱ्याच्या तोंडात पाखरू होतं तेव्हा तो अब्बासभाईंकडे बघत होता. मी 'ला' म्हणालो तेव्हा अबू फहदकडे बघत होतो. आणि माझ्यासाठी खोटं बोलताना अब्बासभाई खाली, आपल्या हातांकडे बघत होते.